ओळखधागा

मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेरची भिंत बारा महिने कोमट असायची. भिंतीत पेटी होती आणि पेटीच्या पोटात भट्टी. थंडीत प्रार्थनेआधी मुली त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. आता मात्र ऑक्टोबर होता, उन्हानं मैदान भाजून निघत होतं, आणि तरीही तहसीन बागवान भिंतीला चिकटून उभी होती.

"गार लागतंय?" स्वरदानं विचारलं.

"जरासं." तहसीननं आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "स्वरे, उरलेत का गं तुझे?"

"परवाच दिले की."

"संपले. माझा महिन्याचा कोटा पण झाला, आता अंगठा टेकवला की पेटी म्हणते, सिस्टरांना भेटा."

"मग भेट की एकदा."

"आणि सिस्टर घरी कळवणार. अम्मी म्हणणार, बास झालं खो-खो, बस घरात. सोमवारी निवड हाय, येडे." तहसीन हसली. "आमच्यात सगळ्यांचंच असं असतं. अम्मीचं, खालाचं, सगळ्यांचं. आमची टाकीच मोठी." हसताना तिच्या हिरडीच्या कडेला बारीक लाल रेघ दिसली.

स्वरदानं पेटीच्या काचेवर अंगठा ठेवला. आत काहीतरी क्षणभर गुणगुणलं आणि खालच्या खणात पॅड पडलं. मग दुसरं. तिनं दोन्ही तहसीनच्या हातात दिली.

पेटीचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणी घ्यायचं नाही. पॅड देणं हे तिचं अर्धंच काम. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून खालच्या झडपेत टाकायचं असे. पॅडवर नुसतं रक्त नसतं, इतर स्रावही असतो. म्हणून पेटी त्यातलं लोह मोजायची, त्यावरून खरं रक्त किती गेलं ते काढायची, आणि मग पॅड जाळून राख करायची. कुणाचं पॅड कुठलं, हे तिला ओळखधाग्यामुळं कळे. प्रत्येक पॅडच्या कापडात केसाहून बारीक असा एक वीजवाहक धागा विणलेला असे, आणि पॅड खाली सोडण्याआधी पेटी त्या धाग्यात मुलीची ओळख भरून ठेवी. ते कापड इथंच, इचलकरंजीत विणलं जाई. स्वरदाचे वडील ज्या कारखान्यात मागावर होते, तिथंच.

पेटी आली तेव्हा गावानं पेढे वाटले होते, आणि ते चुकीचं नव्हतं. पहिल्याच वर्षी कितीतरी मुलींचा रक्तक्षय वेळेत कळला. पाळीच्या दिवसांत शाळा बुडवणं जवळजवळ थांबलं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात नवा धडा आला, आणि तो मुलगे-मुली एकत्र बसून शिकू लागले. धड्याचं पहिलंच वाक्य होतं, 'वयात येताना प्रत्येक मुलीला मासिक पाळी सुरू होते.' बाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं तेव्हा स्वरदानं मान खाली घालून बाकावरचा एक जुना ओरखडा नखानं खोल केला होता.

स्वरदाला पाळी येत नव्हती. कधी येणारही नव्हती.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर करडं-काळं चित्र दाखवून शांतपणे समजावलं होतं, "अंडाशयं छान आहेत. वाढ व्यवस्थित आहे. गर्भाशय तेवढं तयार झालेलं नाही. हजारो मुलींमध्ये एखादी अशी जन्माला येते. तब्येतीला कसलाही धोका नाही." धोका नाही हे ऐकून स्वरदाला रडू फुटलं होतं. पण बाहेर आल्यावर आईनं जिन्याच्या वळणावर तिचा दंड घट्ट धरला. "हे तुझ्या-माझ्यात राहील. पप्पांनासुद्धा नाही. कळलं?" धोका आहे, हे स्वरदाला तिथं कळलं.

ज्या मुलीची नोंद सलग तीन महिने येत नाही, तिच्या घरी पेटी आपोआप संदेश पाठवायची. वरच्या वर्गातल्या एका मुलीचं तसंच झालं होतं. तिला विषमज्वर होऊन गेला होता, एवढंच. पण संदेश काकांच्या फोनवर गेला, काकांनी आरडाओरडा केला, आणि मग गल्लीनं आपापल्या मनानं कारण ठरवून टाकलं. ती मुलगी पुन्हा शाळेत दिसली नाही.

म्हणून स्वरदा दर महिन्याला अंगठा टेकवायची. पहिल्या वेळी तिनं पॅड कुंकवाच्या पाण्यात बुडवून झडपेत टाकलं होतं. पेटी मोठ्यानं म्हणाली, "नमुना वाचता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा." मागं मुली उभ्या होत्या. कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्या रात्री स्वरदाला ताप भरला.

आणि पुढच्याच महिन्यात तहसीननं विचारलं, "तुझे उरलेत का गं?"

किती सोपं होतं ते! स्वरदाच्या नावाची पॅड तहसीन वापरायची आणि झडपेत टाकायची. पेटीला लोह मिळायचं, धाग्यात स्वरदाचं नाव मिळायचं. तहसीनला वाटे, मैत्रिणीचं कमी जातं म्हणून उरतात. आपण कुणाचंच वाईट करत नाही, असं स्वरदानं स्वतःला पटवून दिलं होतं. वर्षभर पेटी दोघींच्याही नावापुढं हिरवा दिवा लावत होती.

चौथ्या तासाला खो-खोचा सराव सुरू झाला. स्वरदा व्हरांड्यात प्रयोगवह्यांचा गठ्ठा घेऊन चालली होती. तहसीन मैदानातल्या रांगेत बसलेली होती, पाठीवर थाप पडली, "खो!" ती उठली. दोन पावलं धावली आणि खांबापाशी पोचण्याआधीच, कुणी दोर कापावा तशी कोसळली.

स्वरदा धावली तेव्हा वह्या कुठं पडल्या ते तिला कळलंही नाही.

आरोग्यखोलीत नरंदे सिस्टरांनी तहसीनला खाटेवर आडवं केलं. वैजयंती नरंदे शाळेत येण्याआधी दहा वर्षं मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या. नाडी बघताना त्यांचे ओठ आवळले गेले. खालची पापणी ओढून त्यांनी आत पाहिलं. एरवी गुलाबी असायला हवं ते कागदासारखं पांढरं होतं.

"पाळी चालू आहे?"

तहसीननं मान हलवली.

"फार जातंय का?"

"नेहमीचंच." तिचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "पेटी म्हणते... नॉर्मल हाय."

सिस्टरांनी भिंतीवरचा पडदा उघडला. तहसीन बागवान. हिरवा दिवा. गेल्या वर्षभराचे सगळे महिने हिरवे. त्यांनी भुवई वर केली, रुग्णालयात फोन लावला आणि आवाज मोठा ठेवून हातांनी सलाइनची तयारी सुरू केली.

पलीकडचा डॉक्टर थकलेला होता. "सिस्टर, तिची आकडेवारी माझ्यासमोर आहे. रक्तस्राव बेताचा आहे. उन्हात पळवलंय तुम्ही पोरीला. सलाइन लावा, संध्याकाळी घरी पाठवा."

"डॉक्टर, रंग बरोबर नाही हिचा."

"इथं डेंग्यूचे दोन वॉर्ड भरलेत हो. गाडी एकच आहे. पेटीनं लाल दाखवलं की गाडी पाठवायची, त्यासाठीच तर ती बसवलीय ना?"

फोन बंद झाला.

स्वरदा दाराशी उभी होती. समोरच्या पडद्याकडं बघताना तिच्या डोक्यात एक साधी बेरीज आपोआप झाली. तहसीनच्या नावावर जेवढं रक्त होतं, साधारण तेवढंच स्वरदाच्या नावावर होतं. आणि तेही तहसीनचंच होतं. प्रत्येक महिन्याचं. पेटी ओरडली असती, वर्षापूर्वीच ओरडली असती. आपण तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

आपण बोललो नाही तर? सलाइननं बरी होईल कदाचित. संध्याकाळी घरी पाठवतीलच. तिला जिन्याचं वळण आठवलं, दंडावरची बोटं आठवली.

खाटेवर तहसीननं कूस बदलली आणि चादरीवर एक डाग पसरलेला दिसला. तो बेताचा नव्हता.

"सिस्टर," स्वरदा म्हणाली. "जरा बाहेर येता?"

"आत्ता नाही गं बाळ."

"आत्ताच. हिच्याबद्दलच आहे."

बाहेरच्या बोळात, कोमट भिंतीशेजारी, स्वरदानं सगळं सांगितलं. आधी पॅडचं. मग, सिस्टरांनी "अगं पण मग तुझी नोंद कशी..." असं म्हणायला सुरुवात केली तेव्हा, मिरजेचं. तिला वाटलं होतं हे शब्द तोंडातून निघताना काहीतरी फुटेल. काहीच फुटलं नाही.

सिस्टरांचा चेहरा आधी लाल झाला. "तुला कळतंय का काय केलंस? वर्षभर ती पोर..." त्या थांबल्या. मग आवाज बदलला. "हिरड्यांतून रक्त येतं का तिच्या? अंगावर काळेनिळे डाग?"

"येतं. डाग पण असतात, ती म्हणते पडल्यामुळं. तिच्या आईचं आणि मावशीचं पण असंच जातं म्हणे."

"मग हा नुसता रक्तक्षय नाही. रक्त गोठण्यातलाच दोष असणार, घराण्यातून आलेला. त्याला औषध आहे. पण त्या डॉक्टरला माझं ऐकायचं नाहीये, पेटीचं ऐकायचंय." त्या पेटीच्या बाजूची फळी उघडू लागल्या. "तुझ्या नावावरची मापं तिच्या नावावर फिरवता येतात. पण त्याला तुझा अंगठा लागेल."

स्वरदानं हात पुढं केला.

"थांब. नीट ऐक." सिस्टरांनी तिचं मनगट धरलं. आईसारखं नाही, सैल. "फिरवल्यावर तुझं वर्ष कोरं होईल. बारा महिने नोंद नाही. पेटी तिथल्या तिथं घरी संदेश धाडेल, आणि तो मला अडवता येत नाही. मी वरती कितीदा लिहिलंय की एखाद्या मुलीला पाळी नसूही शकते, तसा पर्याय ठेवा. पेटीत कारणं तीनच: गरोदर आहे, आजार आहे, गावाला गेली आहे. चौथं काही नाही."

"घरी म्हणजे कुणाला?"

सिस्टरांनी पाहिलं. "वडिलांचा नंबर आहे."

पप्पा या वेळी मागावर असतील. फोन छातीच्या खिशात. धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि पप्पा तो शोधून, ओल्या बोटांनी जोडून पुन्हा चालू करतात. संदेश वाचायला त्यांना माग थांबवावा लागेल. आजूबाजूला चार माणसं असतील. त्यात लिहिलेलं काय असेल? 'कारण कळवा.' आणि पप्पांच्या मनात कुठलं कारण येईल?

आतून तहसीननं हाक मारली, "स्वरे?" इतकी बारीक, की हाक आहे की श्वास ते कळू नये.

स्वरदानं काचेवर अंगठा टेकवला.

पेटी गुणगुणली. एका ओळीतले आकडे निघून दुसऱ्या ओळीत बसले, आणि तहसीनच्या नावापुढचा दिवा हिरव्याचा पिवळा न होता थेट लाल झाला. कुठंतरी आत घंटी वाजू लागली. सिस्टरांच्या हातातला फोन लगेच थरथरला. "बोला डॉक्टर," त्या म्हणाल्या. "हो. तीच मुलगी. आता दिसतंय ना?"

गाडी आली. तहसीननं स्वरदाची ओढणी मुठीत धरली होती, ती सोडवेना, म्हणून स्वरदालाही आत घेतलं. सिस्टर पुढं बसून तहसीनच्या अम्मीला फोनवर समजावत होत्या, "हो, तुम्हीपण तपासून घ्यायचं. नाही, नेहमीचं असलं म्हणजे बरोबर असतं असं नाही." गाडी कारखान्यांच्या रस्त्यानं निघाली. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट आत येत होता. त्यातला एखादा नुकताच थांबला असेल का, हे त्या आवाजात ओळखणं शक्य नव्हतं.

स्वरदाच्या मनगटावरची फोनची पट्टी उजळली. 'पप्पा.' पट्टी विझली. पुन्हा उजळली.

"उचल की," तहसीन डोळे न उघडता म्हणाली.

"उचलते. जरा वेळानं."

सलाइनचे थेंब पडत होते. तहसीनच्या ओठांना अजून रंग नव्हता, पण तिनं डोळे उघडले आणि बराच वेळ ती स्वरदाकडं, काहीतरी जुळवत असल्यासारखी, पाहत राहिली.

"स्वरे," ती म्हणाली. "सिस्टर अम्मीला सांगत होत्या, तुझे सगळे तू मलाच देत होतीस. मग तू काय वापरत होतीस गं?"

पट्टी तिसऱ्यांदा उजळली. वडील आणि मैत्रीण, दोघं एकच गोष्ट विचारत होते. स्वरदानं तहसीनचा गार हात दोन्ही हातांत घेतला.

"आपल्या पुस्तकात ते वाक्य आहे ना," तिनं हळूच सुरुवात केली, "'प्रत्येक मुलीला' म्हणून?"

"हां. मग?"

"एखादीला पाळी येतच नसेल, तर ती कोण गं?"