वर येताना घाई नको

मुरबाडबाहेरच्या जुन्या दगडखाणीच्या काठावर, काळ्या रबरी पोशाखातला एक माणूस निपचित पडला होता. मनालीने हातातलं ऑक्सिजनचं सिलिंडर तिथंच टेकवलं आणि धावली. गुडघ्यांवर बसून तिने त्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली. नाडी चांगली ठणठणीत लागली... आणि त्याने एक डोळा उघडला.

"सिस्टर, अजून हाय मी."

मागं पोरं खिदळली.

"सरावाचा पुतळा आला नाय, म्हणून पेशंट मीच," तो उठत म्हणाला. "मी रत्नदीप. पाण्याखालचं शिकवतो."

"काठावरचं मी शिकवते," मनाली फणकारली. "आणि पेशंटने उठायचं नसतं. झोपा!"

तो मुकाट झोपला. डोळे मात्र मिटेनात.

मनाली शहापूरकडच्या आरोग्य केंद्रात नर्स. बुडालेल्यांना बाहेर काढायला गावोगावच्या पोरांचं पथक तयार होत होतं. त्यांना प्रथमोपचार शिकवायला येणारी बाई ऐनवेळी रजेवर गेली, म्हणून हिला धाडलेलं. रत्नदीप भातसानगरचा. वडील धरणावर नोकरीला, त्यामुळे पाण्याच्या संगतीतच वाढलेला. पुढे समुद्रावर जाऊन स्कुबा शिकून आलेला.

मग हिवाळाभर रविवार त्या खाणीवरच उजाडू लागले. तो पोरांना बजावायचा, "वर येताना घाई नको. श्वास कोंडायचा नाय. आणि वर आल्यावर अंग दुखलं, मुंग्या आल्या, तर लपवायचं नाय." ती छाती कशी दाबायची ते शिकवायची. दुपारी तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी तो न विचारता मोडायचा, आणि ती मुद्दाम एक जास्त आणायची.

म्हसा गावच्या जत्रेत, बैलांच्या धुरळ्यात, त्याने विचारलं, "माझ्याबरोबर... कायमचं जमेल?"

ती पुढे चालू लागली. तो मागोमाग आला.

"पाण्याची भीती वाटते?"

"पाण्याची नाय. तुमी खाली जाता, वर नुसते बुडबुडे दिसतात... ते बघत बसायची वाटते."

जत्रेतून दोघं वेगवेगळ्या वाटांनी घरी गेली.

पुढच्या रविवारी तो सकाळपासून एकेका पोराला घेऊन खाली जात होता. नव्वदेक फूट खोल पाण्यात त्यातला गणू घाबरला. तोंडातली नळी टाकून हातपाय झाडू लागला. रत्नदीपने स्वतःजवळची दुसरी नळी त्याच्या तोंडात कोंबली, त्याला धरलं आणि वाटेत कुठेही न थांबता थेट वर आणलं. गणू खोकला, रडला, मग लाजून हसला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

चहा आला तेव्हा रत्नदीपने ग्लास डाव्या हातात घेतला.

"उजव्याला काय झालं?" मनालीने विचारलं.

"खांदा लचकला. काय नाय."

"बोटांना मुंग्या?"

तो दुसरीकडे बघू लागला. तिला कळलं... घाईने वर आल्यामुळे रक्तात बुडबुडे धरले होते.

"आडवे व्हा."

"पोरांसमोर नको ना."

"पोरांसमोरच! त्यांनाही कळू दे, लपवायचं नसतं म्हणजे काय."

तिने त्याला सपाट झोपवलं, तोंडावर मास्क बसवून ऑक्सिजन सोडला, अँब्युलन्स बोलावली आणि मुंबईच्या इस्पितळात फोन लावला. तिथे अशा रुग्णांसाठी, हवेचा दाब वाढवून बुडबुडे विरवणारी, दाबाची खोली होती.

अँब्युलन्सने कल्याण मागे टाकलं. मग मनाली त्याचा बधिर हात हातात घेऊन म्हणाली, "म्हशाच्या जत्रेत तू विचारलंस ना..." आपण 'तू' म्हणालो हे तिच्या लक्षातही आलं नाही. "भीती जाणार नाय माझी. पण ती लांब राहूनही वाटतेच... तर मग जवळ राहून वाटू दे."

त्याने मास्क उचलला. तिने तो परत दाबून बसवला.

"बोलायचं नाय. ऑक्सिजन वाया जातो."

संध्याकाळी तो दाबाच्या खोलीतून बाहेर आला. बोटं हलत होती. पण डॉक्टरांनी सांगितलं, बरेच महिने पाण्यात उतरायचं नाही. पुढचं तपासून ठरवू. बाकावर टेकून तो बोटं उघडमीट करून बघू लागला.

"पाणी सुटलं तर... मी कोण उरेन गो?"

"माहीत नाय," ती खरं तेच बोलली. "दोघं मिळून बघू."

तो हळूच हसला. "गाडीत काय म्हणालीस? सायरनमध्ये ऐकूच नाय आलं."

"खोटारडा!"

"एकदा... फक्त एकदा."

मनालीने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याच्या कानाशी वाकून सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी त्याच्या तोंडावर मास्क नव्हता.

"हो," तो म्हणाला. "हो, हो... हो!"