चारवरची रेघ

ए, ती टॉर्च डोळ्यांवर मारू नका रे. वीज गेलीय, तुमचा अॅम्प उघडा पडलाय आणि आत साठलेला करंट अजून उतरलेला नाही. कोणी बोट घालू नका, नाहीतर उद्या नवा ड्रमर शोधावा लागेल. हो, तुलाच म्हणतोय. बस तिकडे स्टुलावर, गुपचूप.

तोवर एक सांगा. याचा गेन, हे आवाज फाडायचं बटण, दहावर कोणी ठेवलं होतं? ...वाटलंच मला. बास आठवर, मिड शून्यावर, आणि वरून तक्रार काय, तर 'काका, आवाज घट्ट येत नाही, नुसता चिखल येतो.' अरे येणारच चिखल! थ्रॅश मेटल वाजवता ना तुम्ही? त्यात एकेक ठोका सुटा ऐकू यायला हवा, खिळा ठोकल्यासारखा. गेन म्हणजे गोधडी आहे बाबांनो. जितकी जाड, तितकं खालचं झाकलं जातं. आकडा खाली आणला की हात उघडा पडतो. आणि तुमची सगळ्यांची तिथेच फाटते.

हसताय काय? यावरूनच माझ्या सख्ख्या भाचीवर एक रात्र आली होती. मी स्वतः तिथे नव्हतो, आधीच सांगतो. पण त्या रात्रीचा रेकॉर्डिस्ट माझा शेजारी, त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि हा माणूस थापा मारण्यातला नाही. त्याला थाप सुचतच नाही, इतका रुक्ष आहे.

तीन वर्षं झाली. अकरा डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी सातला रेकॉर्डिस्ट निघाला तो साध्या कामाला, एक अॅम्प आणायला. भाचीच्या अॅम्पचा ट्रान्सफॉर्मर दुपारीच जळला होता. मी हात टेकले, म्हटलं आठवडा लागेल. तसला दुसरा ट्यूब अॅम्प आपल्याकडे एकाच घरात होता. मास्तरांच्या.

मास्तर म्हणजे गिटारचे मास्तर. तीस वर्षं शिकवलं त्यांनी. माणूस खत्रूड, पण हात म्हणजे हात! सगळे झटके वरून खाली, एकही उलटा नाही, आणि वेग असा की बघणाऱ्याचं मनगट दुखावं. त्यांचा एक नियम होता. शिकणाऱ्याने गेन दहावर ठेवायचा. कमी करायचा नाही. 'गेन कमी करायला लायकी लागते,' म्हणायचे. ज्याची लायकी पटली, त्याला ते एक आकडा द्यायचे आणि खिळ्याने त्या आकड्यापाशी अॅम्पच्या पत्र्यावर रेघ ओढायचे. तीस वर्षांत रेघा किती? तीन. एक सहावर, एक साडेपाचवर, एक पाचवर. स्वतः मास्तर साडेतीनवर वाजवायचे. पण स्वतःची रेघ त्यांनी कधी ओढली नव्हती.

भाची त्यांच्याकडे दोन वर्षं होती. एक दिवस सगळ्यांसमोर तिने रेघ मागितली. मास्तर हसले. म्हणाले, 'तुझा हात पोकळ आहे पोरी. दहावरच ठेव, झाकून जाईल.' तिने गिटार पिशवीत घातली आणि निघाली. पुन्हा पायरी चढली नाही. मास्तर गेले तेव्हा भेटायलासुद्धा गेली नाही. मी रागावलो, तर म्हणते, 'मामा, मेलेल्या माणसाशी खोटं वागायचं का?' 

पुढे तिचा बॅन्ड झाला. सगळ्या चाली तिने रचलेल्या. पण रेकॉर्डिंगला सगळं घोडं तिच्याच गिटारीपाशी अडलं. आवाज फाटतोय, पसरतोय. बाकीचे कंटाळले. म्हणाले, शुक्रवारची रात्र तुझी. शनिवारी सकाळी नऊला पाचवाला येईल, नाही जमलं तर तुझे भाग तो वाजवेल. पाचवाला म्हणजे ज्याची रेघ पाचवर होती तो. मास्तरांचा लाडका. सहा वर्षं त्या रेघेचीच फुशारकी मारत फिरायचा. म्हणजे चाली हिच्या, हात त्याचा. विचार करा, काय झालं असेल तिच्या जिवाचं.

तर रेकॉर्डिस्ट मास्तरांच्या घरी गेला. मास्तरांच्या बायकोने दार उघडलं, कोपऱ्यातला अॅम्प दाखवला. हा उचलायला वाकला तशी म्हणाली, "काम झालं की प्लग काढून ठेवत जा."

"हो काकू, काढतोच."

"नाही, आठवणीने. मी सहा महिने काढूनच ठेवलाय."

"मग वाजवतं कोण?"

"वाजवत कोणीच नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्याला वाटलं, म्हातारी बिचारी एकटी असते, असं बोलते.

स्टुडिओ तळघरात. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत रेकॉर्डिस्ट आणि भाची. आतल्या खोलीत फक्त अॅम्प आणि त्याच्यासमोर माइक. भिंतींना जाड गाद्या, दाराला वीतभर काच, दाराखालून केबल. आत माणूस नको, म्हणूनच तशी खोली. भाचीने पद्धतशीर मांडणी केली. नव्या तारा. पुढे ओव्हरड्राइव्हचं पेडल, त्याचा ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल पूर्ण, म्हणजे खालची घरघर कापली जाते आणि ठोक्याला धार येते. मग नॉइज गेट, म्हणजे हात थांबला की आवाज सुरीने कापल्यासारखा बंद. बास तीन. आणि गेन... चार. मुद्दाम चार. पाचवाल्यापेक्षा खाली.

अकरा वाजता पहिला टेक. अर्ध्या मिनिटात रेकॉर्डिस्टने हात वर केला. "चिखल आहे गं."

तिने आत जाऊन पाहिलं. गेन दहावर.

"दादा, तुम्ही फिरवलंत?"

"मी खुर्चीवरून उठलो तरी का?"

थरथरीने फिरलं असेल, म्हणाली. चारवर आणून बटणावर चिकटपट्टी लावली, दुहेरी. पुन्हा टेक. पुन्हा चिखल. आता साडेबारा झाले होते. दोघेही आत गेले. गेन दहावर. चिकटपट्टी अॅम्पच्या डोक्यावर ठेवलेली. घडी घालून. कडेला कड जुळवून.

रेकॉर्डिस्टने ती पट्टी बोटाने लांब सरकवली. तरी तो म्हणाला, एकदा नीट ऐकू. दोघांनी हेडफोन लावले आणि तो टेक लावला. गिटार सुरू... थांबली. गेटने आवाज कापला. त्या रिकाम्या जागेत...

टक.

पुन्हा गिटार. थांबली.

टक.

भाचीचा चेहरा उतरला. तिला तो आवाज माहीत होता. मास्तरांच्या बोटात लोखंडी अंगठी असायची. शिकणाऱ्याचा हात मागे पडला की ती अॅम्पच्या लाकडावर मारायचे. एकदाच. बोलायचे नाहीत.

रेकॉर्डिस्टची बोबडी वळली. "आपण... आपण उद्या बघू. मी बाकीच्यांना सांगतो, लाइट गेली होती म्हणून."

"उद्या नऊला तो येतोय दादा."

"येऊ दे गं! जीव महत्त्वाचा की गाणं?"

आता ऐका ती काय म्हणाली. म्हणाली, "दादा, दोन वर्षं मी त्या माणसाला घाबरले. जिवंत होता, समोर बसलेला होता, तेव्हा घाबरले. आता मेल्यावरही घाबरायचं का? मग मी कधी वाजवायचं?"

तिने गिटार उचलली. खुर्ची उचलली. कानांत कापसाचे बोळे कोंबले. आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रेकॉर्डिस्ट काचेतून बघत राहिला. पळून जाऊ की थांबू, त्याचं ठरेना. पण रेकॉर्डिंगचं बटण मात्र त्याने दाबलं. सवय, दुसरं काय!

ती अॅम्पसमोर बसली. दोन हात अंतर. गेन चारवर आणला.

बटण फिरलं.

हळू. एकेक आकडा. पाच... सहा... कोणी सावकाश फिरवावं तसं. दहा.

तिने पुन्हा चारवर आणलं. पुन्हा फिरलं. तिने पकडून ठेवलं. तर बटण थंड पडलं. बर्फासारखं. बोटं सुटली.

दहा.

तळघरातली हवा जड झाली होती. रेकॉर्डिस्ट सांगतो, काचेतून थंडीतल्या श्वासासारखी वाफ दिसली. तिच्या तोंडासमोर एक पुंजका. आणि अॅम्पच्या बाजूला... दुसरा.

भाचीने हात गिटारवर आणला.  मग माइकमधून तिचा आवाज आला, अगदी शांत.

"ठेवा दहावर. हवं तर अकरावर ठेवा. माझ्या गिटारचं बटण माझ्या हातात आहे."

आणि तिने गिटारवरचा व्हॉल्यूम खाली आणला. कळलं का रे गाढवांनो? अॅम्पचा गेन दहा असला तरी गिटारीतूनच कमी सोडलं की पुढे कमीच जातं! गोधडी फेकली पोरीने. इतका उघडा हात की चूक झाली तर भिंतींनाही कळावी.

"आता बसा," ती म्हणाली. "ऐका."

वाजवायला लागली. तळहाताची कड तारांवर, सगळे झटके वरून खाली. थांबली.

टक.

"हो, मागे पडले. कळलं." पुन्हा पहिल्यापासून.

टक. पुन्हा. टक. पुन्हा. पहिल्या टेकला अकरा वेळा वाजलं. रेकॉर्डिस्ट मोजत होता, दुसरं सुचतच नव्हतं त्याला. मग नऊ. मग सहा. तिच्या बोटाचं सालटं निघालं, गिटारवर रक्ताचे थेंब पडले. ती शिव्या देत होती. मास्तरांना, चक्क तोंडावर. "वाजवा अंगठी! वाजवा ना! दोन वर्षांत एवढं शिकवलं नाहीत तेवढं आज शिकवताय!"

सव्वातीन. चार वेळा.

पावणेचार. एकदा.

चार वाजून दहा मिनिटं. तिने सुरू केलं. रेकॉर्डिस्ट म्हणतो, तसा आवाज मी बापजन्मात ऐकला नाही. ठोका, थांबा. ठोका, थांबा. थांबा आला की काही नाही. कुठेच काही नाही. गाणं संपलं. गेट बंद झालं.

शांत.

ती वाट बघत होती. तोही.

...काही वाजलं नाही.

"डावी बाजू झाली," ती म्हणाली. "आता उजवी." कारण दोन्ही कानांसाठी तेच पुन्हा वाजवावं लागतं, अगदी तस्संच. साडेचारपर्यंत तेही झालं. एका टेकमध्ये.

नऊला पाचवाला आला. मोठ्या तोऱ्यात बसला, हेडफोन लावले. गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "गेन किती होता?" भाची म्हणाली, "दहा." त्याला वाटलं, ही थट्टा करतेय. न वाजवताच गेला. रेकॉर्डवर हात हिचाच आहे, ऐका कधीतरी.

अॅम्प उचलताना रेकॉर्डिस्टला दिसलं. पत्र्यावर चौथी रेघ. चारवर. ताजी, चकचकीत, आणि खाली फरशीवर पत्र्याची भुकटी. त्याने भाचीला दाखवली. त्याला वाटलं, पोर रडेल, हात जोडेल. कसलं काय! हिने त्याच्या खोक्यातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ती रेघ खरवडून काढली. "मागत होते तेव्हा दिली नाहीत. आता नको. माझा आकडा मी ठरवते."

मास्तरांच्या बायकोने अॅम्प परत घेतला नाही. दार न उघडताच म्हणाली, "तुमच्याकडेच राहू दे." म्हणून तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, हिनेच झोपेत ओढली असेल रेघ. पत्र्याला काळा रंग दिला, कपडा टाकला, दुकानाला कुलूप लावलं. सकाळी रेघ चारवर, रंग फोडून. मी पुन्हा रंगवला. पुन्हा आली. तिसऱ्यांदा मी कानाला खडा लावला. पण भाची कुठली ऐकतेय? महिन्या-दोन महिन्यांनी येते, आधी पॉलिशपेपर मागते, मग चहा. घासून साफ करते आणि जाते. सकाळी रेघ असते. चारवर. तीन वर्षं हे चाललंय दोघांचं. कोणी मागे हटायला तयार नाही.

कुठे आहे म्हणजे? तुझ्या पाठीमागे. तो कपडा टाकलेला. अरे, दचकतोस काय, प्लग काढलेला आहे. मी रोज काढतो.

...आली का वीज? बरं झालं. भाची कालच येऊन घासून गेलीय, मी आज अजून बघितलं नाही. उचल तो कपडा. उचल रे, खात नाही तो.

काय, आहे ना? चारवर.

...नाही म्हणजे? चारवर नाही? नीट बघ. चष्मा दे माझा, सरक बाजूला...

साडेतीन.

...साडेतीनवर. मास्तरांचा स्वतःचा आकडा.

गप्प बसा जरा सगळे.

तो फोन दे इकडे. भाचीला सांगायला हवं. आणि तुम्ही घरी जा आता, ती गिटार घेऊन आली की झोप कोणाला येणार नाही.