ओलं फडकं

ही गोष्ट घडलेली आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण बनावट म्हणू नका. जिच्या बाबतीत घडली ती ताई अजून शिलाईचं काम करते, आणि हे लिहिताना माझ्या अंगात आहे तो सदरा तिनेच शिवलाय.

थंडीचे दिवस. भर दुपार. चित्रकारांची आणि मूर्तिकारांची जुनी वस्ती.

असलं काही रात्रीच घडतं असं आपण धरून चालतो. हे लख्ख उन्हात घडलं.

त्या वस्तीत ताईचा धाकटा भाऊ राहायचा. मातीचे पुतळे घडवायचा. आई गेली तेव्हा तो अंगावर पीत होता आणि ताई शाळेत जात होती. घरात आईचा एकही फोटो नव्हता. मग रोज झोपताना त्याचं एकच टुमणं असायचं, "ताई, आई कशी होती सांग ना." ताई सांगायची. त्याच्या वाट्याला आई आली ती तेवढीच.

थंडी पडायच्या आधी त्याचा फोन आला होता.

"ताई, आईचे कान कसे होते गं?"

"कान? कानासारखे कान," ताई हसली. "आल्यावर सांगते. आणि तुझी ती वस्ती पायी फिरव मला. नुसता तोंडानेच फिरवतोस."

"ये तर खरी."

ती जायच्या आधीच तो गेला. साधा ताप म्हणता म्हणता होत्याचं नव्हतं झालं.

त्यानंतर कितीतरी दिवस तिचं तिकडे पाऊल उचलेना. शेवटी गेली ती वस्ती दाखवणाऱ्या गाईडच्या घोळक्यात मिसळून. आपण कोण, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

गाईड भलता बोलका होता. "हे दरवाजे एवढे उंच का? माणसांसाठी नाहीत हो, पुतळ्यांसाठी. माणूस वाकून जातो, पुतळा कसा वाकेल?" सगळे हसले. ताई मात्र प्रत्येक दाराशी रेंगाळत होती. याच दारातून तो जात असेल, याच पायरीवर बसून मला फोन करत असेल, असं तिच्या मनात येत होतं.

मग गाईडने एक कुलूप उघडलं.

मोठी खिडकी. कोपऱ्यात बादली. मधोमध उंच स्टुलावर काहीतरी झाकलेलं. खुंटीला धाकट्याचा स्वेटर होता. ताईनेच विणलेला. तिला भरून आलं.

"हा मूर्तिकार नुकताच वारला," गाईड म्हणाला. "काम अर्धंच राहिलं बिचाऱ्याचं. माती सुकली की तडकते, म्हणून रोज ओलं फडकं टाकायचं. काम पुरं झालं की फडकं पिळून खिडकीत वाळत घालायचं. इथली तीच रीत."

"मग हे आता कोण भिजवतं?" घोळक्यातल्या एका बाईंनी विचारलं.

"शेजारचे फ्रेमवाले काका."

फ्रेमवाले काका दारातच उभे होते. "मी? मला वाटलं तूच भिजवतोस. किल्ली तुझ्याकडे असते."

गाईडचं हसू मावळलं.

फडक्याच्या टोकातून... टप... टप... पाणी गळत होतं.

गाईडने घाईघाईने सगळ्यांना बाहेर काढलं. ताई हलली नाही. तिने काकांना आपली ओळख सांगितली आणि फडकं उचललं.

आई होती.

ते कपाळ, तो किंचित पुढे आलेला ओठ. नुसतं ऐकून ऐकून पोराने घडवलं होतं. फक्त कानांच्या जागी माती सपाट होती.

ताई खाली बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून कपड्यांची मापं सांगावीत तशा सुरात म्हणाली, "कान लहान होते. पाळी थोडी लांब, डावीकडची जास्त."

दुसऱ्या दिवशी ती काकांना घेऊन परत आली. गाईडने कुलूप काढलं. फडकं उचललं...

दोन्ही कान होते. डाव्या पाळीवर ओल्या अंगठ्याचा ठसा होता.

गाईडने किल्ली तिथेच तिच्या हातात ठेवली. परत म्हणून त्या खोलीत आला नाही.

ताईने आपलं मशीन तिथे आणून मांडलं. दिवसभर शिवायची आणि आई सांगायची. भुवया अशा, मान तशी. मशीन चालू असलं की मागे बादलीची कडी वाजायची. मातीवर लाकडी पट्टी फिरायची... सर्र... सर्र... मशीन थांबलं की सगळं गप्प. वळून पाहिलं तर कुणी नाही. ताईला भीती वाटली नाही. ती काकांना म्हणायची, "माझंच पोर आहे हो ते. त्याला काय घाबरायचं?"

एके दिवशी ती आली आणि उंबऱ्यातच थबकली.

पुतळा उघडा होता. खिडकीत... पिळलेलं फडकं वाळत होतं.

चेहऱ्यात बोट ठेवायला जागा नव्हती. आई, जशीच्या तशी. ताईने मशीन चालवलं. कान देऊन बसली. कडी वाजली नाही. पट्टी फिरली नाही. खोली रिकामी होती. धाकट्याचं काम झालं होतं, आता तो कशाला थांबेल?

तिला ते सोसवेना.

"नाही रे," ती म्हणाली. "नाक असं नव्हतं. अजून जमलं नाही."

नाक तसंच होतं. ताई आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलली.

बराच वेळ काही झालं नाही. मग बादलीची कडी... हळूच वाजली.

तेव्हापासून तिने तोच नेम धरला. नाक झालं की हनुवटी, हनुवटी झाली की डोळे. संध्याकाळी उठताना म्हणायचं, "अजून जमलं नाही रे." सकाळी फडकं ओलं. तो बिचारा मोडायचा, पुन्हा घडवायचा. लहानपणीही असाच होता, ताई सांगेल ती पूर्व दिशा.

परवा मी सदरा आणायला गेलो होतो. फडकं बाजूला होतं. ताईशी कुठेच न जुळणारा, कुणा अनोळखी बाईचा चेहरा होता. मी सहज विचारलं, "तुमच्या आई खऱ्या कशा दिसायच्या?"

ताईने सांगायला तोंड उघडलं...

आणि तसंच राहिलं. तिने कपाळ चोळलं, पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "लहान कान होते," म्हणाली. त्यापुढे तिला एक शब्द सुचेना. तिचे डोळे भरून आले.

निघताना ती दारात थांबली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "अजून जमलं नाही रे."

या वेळी ती खोटं बोलत नव्हती.

आत कडी वाजली. मी ऐकली. तो सदरा घालतो तेव्हा अजूनही ऐकू येते.