कोपऱ्यातलं नोझल

"काकू, बाबा सापडत नाहीयेत!"

वरच्या मजल्यावरच्या वासंतीकाकू, लष्करी इस्पितळातल्या निवृत्त नर्स, चहा तसाच टाकून खाली धावल्या. स्मिता फाटकाशी रडत उभी होती. साडेदहा वाजले होते, जूनचं ऊन चंदीगड भाजून काढत होतं, आणि तिचे पंचाहत्तरीचे वडील पांडुरंग सकाळी सातपासून गायब होते. फोन घरीच, रक्तदाबाची गोळी डबीतच.

"काल काही झालं होतं?"

"आज त्यांना विसरभोळेपणासाठी डॉक्टरकडे न्यायचं होतं. काल आम्ही बोलत होतो, आता बाबांची कुठेतरी सोय बघावी लागेल. त्यांनी ऐकलं असणार. काकू, ते सुखना लेकला तर..."

"असं काही बोलू नकोस. विसरतात म्हणजे काय?"

"लॉनचे स्प्रिंकलर तेच सांभाळतात. जन्मभर पाटबंधारे खात्यात फिटर होते ना. फाटकाजवळचं पाणी उडवायचं नोझल रोज साफ केलं म्हणतात, पण तो कोपरा वाळून गेलाय."

काकू कोपऱ्यात गेल्या. गवत पिवळं पडलं होतं आणि नोझलच्या जागी नुसतं पाइपचं तोंड. बाजूला स्मिताच्या स्कूटरवर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग होते. शेजारची तिच्या नवऱ्याची, शंतनूची नवी गाडी मात्र लखलखत होती. गाडी म्हणजे जावईबापूंचा जीव की प्राण.

"शंतनू, तू या स्प्रिंकलरचं काही बघतोस?" काकूंनी मागे आलेल्या शंतनूला विचारलं.

"मी? मी तर हातही लावत नाही."

"या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे?"

स्मिताला ठाऊक नव्हतं. शंतनू घाईघाईने म्हणाला, "तुळशीमागे. हँडल कडक आहे, दोन्ही हातांनी फिरवा."

व्हॉल्व्ह उघडाच होता. बाबांच्या खोलीत उशाखाली वही सापडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'सकाळी व्हॉल्व्ह उघडा पाहिला. नोझल साफ केलं. संध्याकाळी फिरून आलो, कोपरा कोरडा. आठवा दिवस. माझंच डोकं गेलं.'

काकूंनी वही मिटली. मग त्यांनी हत्यारांची पेटी पाहिली.

"नोझल नेलंय, नळाच्या आट्यांना गुंडाळायची टेपही नेलीय. जीव द्यायला जाणारा माणूस टेप नेत नाही. इंडस्ट्रियल एरियात चला, पाइप-फिटिंगच्या दुकानांत."

शंतनूच्या गाडीत काकू समोरच्या स्वच्छ काचेकडे बघत म्हणाल्या, "उन्हाळ्यात सकाळी पाणी घातलं तर पालिका दंडाचं चलान फाडते, म्हणून तुमचे स्प्रिंकलर टायमरने संध्याकाळी सातला सुरू होतात. त्या वेळी स्कूटर आणि ही गाडी शेजारी-शेजारी असतात. स्कूटरवर डाग, गाडीवर एक नाही. म्हणजे गाडीवरचे आधीचे डाग कुणीतरी पुसले आणि मग आठ दिवस ते नोझल बंद ठेवलं. बाबा फिरायला गेले की व्हॉल्व्ह बंद करायचा, पाणी थांबलं की परत उघडायचा. म्हणून सकाळी बाबांना तो उघडाच दिसायचा. शंतनू, हातही न लावणाऱ्याला हँडल कडक असल्याचं कसं कळलं?"

शंतनूने गाडीचा वेग कमी केला. "आधी फक्त गाडीसाठी केलं. मग सगळे बाबांनाच बोलायला लागले, आणि मला सांगायची हिंमतच होईना."

"तू त्यांना वेडं ठरू दिलंस?" स्मिता ओरडली.

तिसऱ्याच दुकानात बाबा सापडले. घामाने निथळत, नोझल दुकानदारापुढे धरून विनवत होते, "भाईसाब, इसमें कुछ तो खराबी होगी? ठीक से देखिए ना."

"अंकलजी, पीस तो बिलकुल ठीक है."

बाबांचा चेहरा पडला. तेवढ्यात शंतनू पुढे झाला आणि त्याने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

बाबांनी नोझल परत हातात घेतलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही बाबा," स्मिता त्यांना बिलगून रडू लागली.

बाबांनी नोझल उलटं करून त्याच्या डोक्यावरचा बारीकसा स्क्रू शंतनूला दाखवला.

"शंतनूराव, हा अर्धा फेरा फिरवला की पाणी गाडीपर्यंत जात नाही. मला सांगायचंत ना."