तिघांनी मिळून

थोरलीचा धंदाच तो होता. लोकांची क्रिप्टोची पुंजी एकाच्या हाती राहू नये म्हणून ती मल्टिसिग बांधून द्यायची. म्हणजे किल्ल्या तीन, आणि पैसा हलवायला त्यांतल्या दोघांच्या सह्या. एक किल्ली हरवली, एक माणूस गेला, तरी उरलेले दोघे निभावून नेतात. समोरचा चहा थंड होईपर्यंत ती गिऱ्हाइकांना हे समजावत बसायची.

घरी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान. वडिलांनी आयुष्यभराची कमाई त्यात घातली आणि हटून बसले.

"दोघांच्या नाही, तिघांच्या सह्या. पैसा हलवायचा तर तिघांनी मिळून, आणि रद्द करायचं तरी तिघांनी मिळून."

"तीन तिगाडा, काम बिगाडा," धाकटा म्हणाला.

"दोघं एक झाली की तिसरा एकटा पडतो," वडील म्हणाले.

तिने तसंच बांधून दिलं. सहीसाठी तिघांना काडेपेटीएवढ्या तीन डब्या, प्रत्येकीला एक काळं बटण. डबी मोडली तर नवी चालू करायला चोवीस शब्द लागतात. ते कुठेतरी लिहून ठेवा म्हणून ती मागे लागली, तर वडिलांनी कपाळाला बोट लावलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

पुढे त्यांची गाडी रस्त्यात पेटली. पोलिसांनी दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घड्याळ होतं आणि डबीचा वितळलेला गोळा. शब्द त्यांच्याबरोबरच गेले.

आता धाकट्याच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. डॉक्टर थांबायला तयार नव्हते, हॉस्पिटल पैशाशिवाय हात लावायला तयार नव्हतं, आणि घरात होतं नव्हतं ते औषधांत संपलं होतं. आपण बांधलेल्या तिजोरीच्या दारात आपला भाऊ मरणार, या विचाराने थोरलीला घास गिळवत नव्हता.

"एकदा करून तर बघू," दुपारी वॉर्डातल्या खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला.

"अरे, दोन सह्यांनी पान हलत नाही."

"तरी पण, ताई."

त्याचं मन राखायला तिने लॅपटॉप उघडला. पैसे दलालाच्या पत्त्यावर जायचे, तो ते बँकेत वळते करणार. ‘कारण’ असा एक रकाना होता, तोही वडिलांच्या हट्टाचा. तिने लिहिलं: झडप. तिने बटण दाबलं, त्याने दाबलं. पडद्यावर दोघांच्या नावांच्या ओळी हिरव्या झाल्या. ती झाकण मिटणार, तेवढ्यात तिसरी ओळ हिरवी झाली.

शेजारच्या खाटेवर कोणीतरी खोकलं.

"ताई, तू…?"

"गोळा माझ्या कपाटात आहे. तुला त्यांनी शब्द सांगितले होते का?"

"मला?"

दोघं एकमेकांकडे चोरासारखी बघत राहिली. अशी सही खोटी करता येत नाही, हे ती जन्मभर लोकांना सांगत आली होती. तिने पुन्हा पुन्हा तपासलं. सही खरी होती. संध्याकाळपर्यंत पैसे हॉस्पिटलात जमा झाले.

"म्हातारा अजून पक्का आहे," धाकटा हसला, आणि हसता हसता रडला.

थोरलीला आनंद झाला नाही. घरी जाऊन तिने कपाट उघडलं. पिशवीला आतून वाफ धरली होती. गोळा कोमट होता.

ऑपरेशनच्या सकाळी धाकट्याने आपली डबी तिच्या तळहातावर ठेवली. "तुझ्याकडे असू दे. आत नेऊ देत नाहीत." तिने ती पर्समध्ये टाकून चेन लावली. मग नर्स आली आणि त्याच्या छातीला, हाताला, पार अंगठ्यापर्यंत पिवळट तपकिरी औषध फासू लागली.

"भिंत रंगवतायत," तो म्हणाला. त्याला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर तिने मन रमवायला लॅपटॉप उघडला. एक नवा प्रस्ताव आला होता. उरलेलं सगळं, एका अनोळखी पत्त्यावर. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: तिघांनी मिळून. खाली वडिलांची ओळ हिरवी होती.

चोर असेल, ती स्वतःला म्हणाली. चोर असला तर बरंच. आपली सही आपल्या हातात आहे, आणि धाकट्याची डबी पर्समध्ये आहे.

पर्स तिने छातीशी धरली.

दुसरी ओळ हिरवी झाली.

तिने चेन उघडली. धाकट्याची डबी बंद होती. काळ्या बटणावर अंगठ्याचा पिवळट तपकिरी ठसा होता. अजून ओला.

आतलं दार उघडलं. डॉक्टर टोपी काढत आले.

"बसून घ्या," ते म्हणाले.

ती बसलेलीच होती.

डॉक्टर पुढे काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. तिने ‘रद्द करा’ दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: रद्द करण्यासाठी तिघांच्या सह्या लागतील.

आपण सही करायची नाही, तिने ठरवलं. आज नाही, उद्या नाही. जिवात जीव असेपर्यंत नाही.

मग तिची नजर प्रस्तावाच्या अगदी तळाच्या ओळीवर गेली. वडिलांच्या सांगण्यावरून, सगळं बांधतानाच, ती तिनेच भरून ठेवली होती.

सहीची मुदत: नाही.