तानुबाईच्या उशाशी बसलेला

मे महिन्यातल्या दुपारी उंद्रीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा दुपारी तीनच्या सुमारास खामगावच्या एसटीतून एक माणूस उतरला. हातात सुटकेस, अंगात पांढरा सदरा, आणि चेहरा असा कोरा की दोन तासांच्या प्रवासात शेजारच्यानं कुठं जायचं हेही विचारलं नव्हतं. तो शालिग्राम, तानुबाईचा धाकटा. आठ वर्षांपूर्वी विलायतेला गेला, तिथं ओतकामाच्या कारखान्यात फोरमन झाला, आणि दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की येतो' असं घरी लिहीत राहिला. सदुसष्ट साल उजाडलं तरी ते पुढचं वर्ष काही उगवलं नव्हतं. आता तार गेली म्हणून आला होता.

तारेत होतं, माय अत्यवस्थ, लवकर ये. लवकर यायचं म्हणजे आधी रजा, मग तिकीट, मग मुंबई, मग जलंबला गाडी बदलून खामगाव. स्टँडवरच्या पानठेल्यावाल्यानं त्याला ओळखलं, पण रामराम घातला नाही. नुसता खाली बघत म्हणाला, "आज नववा दिवस हाय, भाऊ."

शालिग्रामनं मान हलवली. सुटकेस या हातातून त्या हातात घेतली आणि घराकडे चालू लागला. रडू फुटेल म्हणून तो वाट बघत होता, पण वेशीपर्यंत आलं नाही, घरापर्यंतही आलं नाही. तिकडच्या थंडीत बोटं बधिर झाली की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं झालं होतं, आणि तेही आजचं नव्हतं.

घरी थोरले भाऊ अर्जुनराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी धाकट्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. आठ वर्षं मायचं दुखणंखुपणं एकट्यानं काढलेला माणूस तो. त्याच्याकडून 'ये, बस' एवढंही निघालं नाही, आणि त्यात त्याची काही चूक होती असं म्हणवत नाही. बोलली ती वहिनी, पुष्पाबाई. पाण्याचा तांब्या पुढं ठेवत ती हळूच म्हणाली, "भाऊजी, मनाले लावून नका घेऊ. माय सुखानं गेली. तुम्हाले भेटून गेली."

"मले भेटून?"

"हाव. बसवला होता ना…"

मग तिनं सांगितलं. तीन दिवस तानुबाईचा जीव अडकला होता. डोळ्यांनी दिसत नव्हतं, घशाखाली पाणी उतरत नव्हतं, आणि तोंडात एकच, शाल्या आला का, शाल्या आला का. शेवटी गल्लीतल्या रुक्मिणीबाईनं सांगितलं, लेक बसवा. त्या बाजूला जुन्या माणसांत ही चाल होती. दूरदेशी गेलेल्या लेकात जीव अडकला की त्याच्या वयाचा, त्याच्यासारख्या आवाजाचा माणूस मागच्या दारानं आणायचा आणि उशाशी बसवायचा. तो हात धरतो, पाणी पाजतो, जीव सुटतो. मात्र पथ्य कडक. त्याच्या तोंडाकडे घरातल्या कोणी बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं खरं नाव उच्चारायचं नाही. नाहीतर जाणाऱ्याला कळतं आणि जीव आणखी घट्ट अडकतो. काम झालं की तो मागच्या दारानंच जातो आणि दहा दिवस त्या घरात पाय ठेवत नाही.

शालिग्रामच्या जागी कोण, हे ठरवायला वेळ लागला नाही. दयाराम, त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांचा आवाज इतका एकसारखा की शाळेत मास्तर एकाला हाक मारत आणि दुसऱ्याला छडी बसे.

"तो दुपारी आला," पुष्पाबाई म्हणाली. "आमी समदे भिंतीकडे तोंड करून बसलो. दोन तास बसला, भाऊजी. माय किती बोलली त्याच्यासंग! हसलीसुदा. म्हने, तुहा हात इतका गार काऊन बे? तं तो म्हनते, तिकडं बर्फ पडते ना माय. दयारामले कसं सुचलं असंन, कोनाले ठाव. मंग माय म्हने, आता जाशीन का? तो म्हने, नाही जात. बस्. त्याच्याच हातानं पानी पेली अन् गेली."

अर्जुनराव तेवढ्यात पहिल्यांदा बोलले. "दयारामचे उपकार हायेत आपल्यावर. जे घरच्या मानसानं करावं ते त्यानं केलं."

ते शालिग्रामला लागायला हवं होतं. लागलं नाही. आपण उपकार मानायला तरी जावं, एवढं मात्र त्याला वाटलं. दयारामला या घरी यायची बंदी होती, शालिग्रामला त्याच्या घरी जायची नव्हती.

दयारामची पिठाची गिरणी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. पाच वाजले होते तरी ऊन मागं हटलं नव्हतं. इंजिनाची धकधक लांबूनच ऐकू येत होती, आणि दारात गरम ज्वारीच्या पिठाचा वास दाटला होता. आत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला दयाराम उभा होता. शालिग्रामला बघून त्यानं पट्टा उतरवून इंजिनाचं तेल बंद केलं. इंजिन धापा टाकत बंद पडलं, आणि गिरणीत एवढी शांतता पसरली की पीठ खाली बसतानाचा आवाज येईल असं वाटावं.

"आता आठवन आली का बे माही?" दयाराम फुरंगटून म्हणाला. "मागच्या खेपेले आला, तं भेटलासुदा नाही."

"मागच्या खेपेले? कधी?"

"माय गेली त्या दिवशी. कधी म्हंजे?"

दयारामनं पिठाचा हात धोतराला पुसला.

"मले बसवायचं ठरलं होतं. रुक्मिणीबाईनं पथ्य सांगतलं, म्या आंघोळ केली अन् मागच्या दारानं आलो. पाह्यतो तं तू आधीच बसेल होता! पाठमोरा. पायात बूट, अंगात जाडजूड कोट, इतक्या उन्हाळ्यात. मायचा हात तुह्या डोक्यावर होता. मनात म्हनलं, चाला, पोरगं येळेवर पोचलं. मंग मी काऊन घुसू मधात? आवाजसुदा नाही देल्ला. घरी आलो अन् वाट पाह्यत बसलो… आज येईन, उद्या येईन. मले बसवायचं ठरेल, म्हंजे दहा दिवस तिकडं बंदीच, म्हनून मैतीलेही नाही आलो."

"दया, मी आज आलो. आत्ता तीनच्या गाडीनं."

दयाराम हसला. मग त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे तेवढे बदलले.

"थट्टा नको करू, शाल्या."

"तोंड पाह्यलं का त्याचं?"

"नाही… पाह्यचं नाही ना कोनी." तो कुजबुजला. "पन पाठ तुहीच होती बे. मी का तुही पाठ ओळखत नाही?"

बाहेर एक बाई दळणाचा डबा घेऊन आली, दयारामचा चेहरा बघितला आणि डबा तिथंच ठेवून मुकाट्यानं निघून गेली. शालिग्राम निघाला तेव्हा दयारामनं त्याचा हात धरला, चांगला दाबून धरला, आणि मग सुटल्यासारखा श्वास टाकला. हात गरम होता.

परतताना शालिग्रामला भीती वाटायला हवी होती. कुणालाही वाटली असती. त्याला मात्र एवढंच वाटत होतं की आपलं एक काम राहिलं होतं आणि ते दुसऱ्याच कोणीतरी आपल्यापेक्षा चांगलं करून टाकलं. माय ज्याच्याशी हसली तो आपण नव्हतो. आता तिच्यासाठी करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. उद्या दहाव्याला नदीवर एकदा रडायचं, पोटच्या पोरानं रडावं तसं. तेवढं जमलं तरी आपण तिचे, नाहीतर सुटकेस घेऊन आलेला कोणीतरी.

दयाराम आलाच नव्हता, हे त्यानं घरी सांगितलं नाही. माय सुखानं गेली, एवढं एकच समाधान दादाच्या गाठीला होतं. ते काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच नदीचं पात्र तापलं होतं. पाणी म्हणून एक डबकं तेवढं राहिलं होतं, बाकी सगळी वाळू. भावकीतली माणसं काठावरच्या बाभळीखाली बसली, गुरुजी पिंडाच्या तयारीला लागले आणि लेक क्षौराला वाळूत उकिडवे बसले. डोक्यावरून ओली उपरणी, माना खाली, नजर आपापल्या पायांच्या अंगठ्यावर. अशा वेळी इकडंतिकडं बघायचं नसतं. न्हावी कडूबा हा त्या गावचा जावई, वर्षाभरापूर्वीच सासऱ्याची धोपटी सांभाळायला आलेला. त्यानं अर्जुनरावांपासून सुरुवात केली.

शालिग्राम रडायची वाट बघत बसला. मायचा चेहरा आठवला. तिनं निघताना बांधून दिलेल्या भाकरी आठवल्या. तिची पत्रं आठवली, शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेली. सगळं जसंच्या तसं आठवलं आणि डोळे कोरडेठाक राहिले. स्वतःची इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

तेवढ्यात डाव्या बाजूला हुंदका फुटला. आधी दाबलेला, मग दाबता न येणारा. गुरासारखा हंबरडा, पण बाहेर जेमतेम ऐकू येणारा, आतल्या आत घुमणारा. वाळूवरून त्याचा थरथराट शालिग्रामच्या पायापर्यंत आला. दादा रडतोय, त्याला वाटलं. नऊ दिवस दगडासारखा बसलेला दादा. हात पुढं करावा, निदान खांद्याला लावावा, असं फार मनात आलं. हात मांडीवरून उठला नाही. मग कडूबाचा वस्तरा त्याच्या डोक्यावर आला आणि तेही राहून गेलं.

आंघोळी झाल्या. पिंड मांडला. कावळ्यासाठी कधीकधी दुपारपर्यंत ताटकळावं लागतं, माणसं हात जोडून नाना वचनं देतात. इथं गुरुजींनी मागं सरका म्हणायच्या आत कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि उडाला. बाभळीखालची माणसं सुटल्यासारखी बोलायला लागली. "काईच इच्छा राह्यली नव्हती बाईची," कोणीतरी म्हणालं.

अर्जुनराव धाकट्याजवळ आले. नऊ दिवसांचा राग चेहऱ्यावरून गेला होता. पहिल्यांदा त्यांनी त्याला नावानं हाक मारली.

"शाल्या, मनात नको ठेवू. मी लई कठोर वागलो तुह्यासंग. पन मघा तू ज्या परीनं रडला ना… मले वाटलं, नाही, ह्यो आपलाच हाय. मायचाच हाय."

शालिग्रामनं त्यांच्याकडे पाहिलं. "मी नाही रडलो, दादा. मले वाटलं, तू रडून राह्यला."

"मी? मी कुठं रडलो?"

कडूबा आपली धोपटी आवरत होता. तो मधेच म्हणाला, "तुमी दोघं तं गुमान बसले होते. मधातले भाऊ रडत होते. डोकं धरून धरून वस्तरा चालवा लागला, कापलं असतं नाहीतं."

"मधातला कोन?" अर्जुनराव म्हणाले. "आमी दोघंच भाऊ हाओत."

कडूबानं हातातला वस्तरा खाली ठेवला आणि वाळूकडे बोट केलं. केसांचे तीन ढीग होते. एका टोकाला अर्जुनरावांचे, पिकलेले. दुसऱ्या टोकाला शालिग्रामचे. आणि मधे, हातभर अंतरावर, तिसरा. काळे केस, कानाजवळच्या भागात जरासे पांढरे. शालिग्रामच्या केसांशेजारी ठेवले असते तर कोणते कोणाचे, ते कडूबालाही सांगता आलं नसतं.

डबक्यावरून गरम वारा आला आणि तिन्ही ढिगांचे थोडे थोडे केस एकत्र झाले.

"त्याचं तोंड…" शालिग्राम मधल्या ढिगाजवळ वाकला. "तोंड पाह्यलं का, कडूबा?"

"मी डोकं पाह्यतो, मालक. उपरणं तोंडावर होतं. झाल्यावर उठले अन् तुमच्याच मागं पान्यात गेले."

डबक्यात आंघोळीला दोघंच उतरले होते. दोघांनाही ते ठाऊक होतं, म्हणून कोणी कोणाला विचारलं नाही. बाभळीखाली गुरुजी कोणालातरी हाक मारत होते.

"नाही," अर्जुनराव एकदम म्हणाले. "तूच होता बे. घाबरला म्हनून नाही म्हनून राह्यला. तू रडत होता, तवा मी तुह्या पाठीवर हात ठेवला. लई वेळ ठेवला. आठोते ना? सांग, आठोते म्हनून."

दादाचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते. हो म्हणावं, असं शालिग्रामला अगदी आतून वाटलं. आठ वर्षांत त्याला इतकं कशाचंच वाटलं नव्हतं.

"माह्या पाठीवर कोनी हात नाही ठेवला, दादा."

अर्जुनराव आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग हळूहळू गुडघ्यांवर बसले, आणि तो हात तापलेल्या वाळूत खुपसून ऊब येईपर्यंत चोळत राहिले.