बेरिलमावशी आली की मी पळते

फर्गस पहिल्यांदा हसला तेव्हा त्याच्या मांडीवर त्याच्या वडिलांची राख होती, आणि माझ्या डोक्यावर अननस.

खरा नाही हो, कापडी. हिरव्या शेंड्याची टोपी, आणि खाली पोहण्याच्या काळ्या रबरी पोशाखावर चढवलेला गुलाबी जाळीचा झगा. आमच्या ऑस्ट्रेलियात जून म्हणजे कडाक्याची थंडी, समुद्र नुसता बर्फ, आणि मी सर्फिंगच्या फळीवर पालथी पडून हात मारत लाटांपलीकडे निघालेली. शुक्रवार होता ना! आमच्या बिंडारी बेमध्ये शुक्रवारी सूर्य उगवायच्या सुमाराला डोक्याने जरा हललेली सगळी मंडळी – हा शब्द आमचा आम्ही वापरायचा, बाहेरच्यांनी नाही – भडक कपडे घालून पाण्यात जातात. लाटांच्या मागे फळ्यांवर गोल करून बसायचं आणि या आठवड्यात मनाने काय छळ मांडला ते एकेकाने सांगायचं. कुणाला झोप नाही, कुणाचा नवरा गेलाय, कुणाला लिफ्टची भीती. अट एकच – सांगताना एकदा तरी बाकीच्यांना हसवायचं. केळ्याच्या वेशातला माणूस रडायला लागला तरी त्याच्याकडे बघून फार वेळ गंभीर राहता येत नाही, हे त्यामागचं शास्त्र.

मी बहिणीकडे मेलबर्नला जाऊन आले होते आणि तिकडे फोन बंद ठेवला होता. त्यामुळे आमची बैठक या खेपेला रविवारवर ढकलली आहे, हा निरोप माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला लांबून दिसलं ते एवढंच – पाण्यात भलंमोठं रिंगण, आणि प्रत्येकाच्या अंगात फुलाफुलांचा भडक शर्ट. म्हणजे आपलीच माणसं की!

मी रिंगणात घुसले आणि ओरडले, "आज पहिला नंबर माझा! ऐका... परवा मला वाटलं, मी आता मरणार. कुठे? बहिणीच्या संडासात! छाती धडधडतेय, हातपाय गार पडलेत, आणि मनात काय यावं? की बाई, मरायचंच असेल तर आधी चड्डी तरी वर घे!"

कुणीच हसेना.

मग मला म्यूरिएल आजी दिसल्या. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर बस चालवलेल्या, एरवी मधमाशीच्या वेशात असतात. आज त्यांच्याही अंगात फुलांचा शर्ट, आणि डोळे लाल. त्यांनी भुवयांनीच खुणावलं – मध्ये बघ. मध्ये पाण्यावर फुलं तरंगत होती. आणि फुलांजवळ एका फळीवर माझ्याच वयाचा एक उंच मुलगा, मांडीत लाकडी डबा धरून.

डब्यावर नाव कोरलेलं – डग काका! टेकडीवरच्या घरातले, जन्मभर या लाटांवर खेळलेले. मी बहिणीकडे निघाले तेव्हा तर चांगले हिंडतेफिरते होते. आणि हा त्यांचा अखेरचा निरोप. "काळे कपडे घालून याल तर याद राखा," असं ते बजावून गेले होते, हे मला नंतर कळलं.

अशा वेळी धरणीने पोटात घ्यावं म्हणतात. माझ्याखाली तर धरणीसुद्धा नव्हती.

"मी... मला वाटलं..." मी म्हटलं, आणि अननस डोळ्यांवर घसरला.

त्या मुलाच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला. मला वाटलं, रडला बिचारा. पण नाही – तो हसत होता. खांदे गदगदा हलेपर्यंत हसत होता. डबा पडेल म्हणून म्यूरिएल आजींनी पुढे होऊन तो धरला, मग त्याच फिसकन हसल्या, आणि मग सगळं रिंगण.

"थांबू नकोस," तो डोळे पुसत म्हणाला. "चड्डीचं काय झालं शेवटी?"

"आली वर... वेळेत."

"बाबांना आवडलं असतं हे," तो म्हणाला. आणि त्याने डब्याचं झाकण उघडलं.

पुढच्याच आठवड्यात तो माझ्या गाडीपाशी येऊन उभा. मी कुत्र्यांना आंघोळ घालते – गाडीतच टब, गरम पाणी, केस वाळवायचा पंखा, आणि गावभर फिरायचं. त्याच्या हातात डग काकांच्या म्हाताऱ्या मफिनची दोरी होती, आणि मफिनच्या अंगाला असा वास की समोरच्या दुकानदाराने दार लावून घेतलं.

"याला आंघोळ घालायचीय," तो म्हणाला.

"आणि तुला?"

"मी सकाळी केली... म्हणजे... मी फर्गस." कानाच्या पाळ्या लालबुंद!

"मी ब्रायोनी."

"माहितीय. टोपी नव्हती तरी ओळखलं."

मफिनच्या अंगाला फेस लावता लावता मी हळूच विचारलं, "कसा आहेस?" लोक विचारतात तसं नाही, खरंच विचारलं.

"एक सांगू? हसशील."

"हसणारच. सांग."

"बाबा गेले त्या दिवशी डोळ्यांत टिपूस आलं नाही. आणि काल दुकानात बीटच्या डब्यांसमोर ढसाढसा रडलो. बर्गरमध्ये बीट न घालणाऱ्याला बाबा माणूसच मानायचे नाहीत. दुकानातल्या बाईंनी विचारलं, काही मदत हवी का? मी हुंदके देत म्हटलं... हो, चकत्या केलेलं बीट कुठे आहे?"

मी हसले. तोही हसला. मफिनने अंग झाडलं आणि आम्ही दोघं नखशिखान्त भिजलो.

"शुक्रवारी येशील आमच्यात?" मी म्हटलं.

"वेश कसला करू?"

"आता हे मी सांगायला हवं?"

शुक्रवारी एक सहा फुटी जांभळं बीट थंडीने कुडकुडत किनाऱ्यावर हजर झालं. त्या क्षणी मी कामातून गेले, खरं सांगते!

फर्गस वायरमन. काम पर्थला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. वडिलांचं घर रिकामं करायचं, ऑगस्टअखेर लिलावात विकायचं आणि परत जायचं, असा त्याचा बेत होता. म्हणजे माझ्या हाताशी काय तो एक हिवाळा.

आणि काय हिवाळा गेला तो! गाडीच्या बॉनेटवर बसून गरम चिप्स खायच्या, सीगल पक्ष्यांशी भांडायचं, समोरून जाणाऱ्या देवमाशांच्या पाण्याच्या पिचकाऱ्या मोजताना एकमेकांना फसवायचं. त्याच्या पापण्यांवर मीठ वाळलेलं असायचं. मी बघतेय हे कळलं की तो मुद्दाम समुद्राकडे बघायचा... आणि गालात हसायचा, लबाड!

रिंगणात मी सगळ्यांना हसवायचे ते बेरिलमावशीच्या किश्श्यांनी. ही माझी खरी मावशी नव्हे. हे माझ्या पॅनिक अटॅकचं नाव. न कळवता येते, सामानसुमान घेऊन येते, थेट छातीवर बसते आणि वर सांगते, "ब्रायोनी, तू आता मेलीस हं!" जा म्हटलं की जास्तच पसरते. फर्गसला ती फार आवडायची. भेटला की पहिला प्रश्न – "मावशी काय म्हणतेय?"

एकदा संध्याकाळी चिप्सचा कागद चुरगळता चुरगळता त्याने माझा हात धरला. हळूच. जवळ आला... अजून जवळ... आणि माझी छाती धडधडायला लागली, तळवे गार, श्वास पुरेना. आता हे प्रेम म्हणायचं की मावशी? मेली लक्षणं तीच!

"मला जायला हवं," मी म्हटलं. "एक पूडल कुत्रा आंघोळीला यायचाय."

"आत्ता? अंधार पडत आला."

"लाजाळू आहे तो. उजेडात येत नाही."

आणि मी पळाले. नेहमीसारखी.

म्यूरिएल आजींनी दुसऱ्या दिवशी मला बरोबर कोपऱ्यात गाठलं.

"काय गं, त्या बीटला का टाळतेस?"

"टाळत नाही, आजी."

"माझ्यासमोर नको. चाळीस शाळकरी पोरं मागे बसवून बस चालवलीय मी, खोटं मला आरशात दिसतं. मावशीचे किस्से सगळ्या गावाला सांगतेस, पण ती येते तेव्हा कुणाला दार उघडतेस का?"

नव्हते उघडत. एकदाच उघडलं होतं. एवन नावाचा माझा मित्र होता, तोही किस्से ऐकून खो खो हसायचा. मग एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन थरथरताना त्याला दिसले. "मला वाटलं तू गमतीत सांगायचीस," तो म्हणाला, आणि महिन्याभरात मला सोडून गेला. तेव्हापासून माझा नियम – हसवायचं, पण दाखवायचं नाही. फर्गसने मला तसं पाहिलं आणि त्याच्या तोंडावर तेच भाव आले, तर? त्यापेक्षा तो हसत पर्थला गेलेला परवडला.

लिलावाचा शनिवार उजाडला. आमच्याकडे लिलाव घराच्या अंगणातच होतो, आणि ज्यांना घर घ्यायचं नाही ते आधी येऊन पुढची जागा धरतात. अख्खं गाव जमलं होतं. अग्निशमन दलाची पोरं सॉसेज भाजत होती. म्यूरिएल आजी घरून खुर्ची घेऊन आल्या होत्या. लिलाव पुकारणारा, चकचकीत बुटांचा गृहस्थ, पायरीवर चढून घसा खाकरत होता. फर्गस दाराशी उभा. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा की आत्ता बीट दिसलं तर खेळ खलास.

पहिली बोली लागली. दुसरी लागली. सिडनीहून आलेलं एक जोडपं कानात कुजबुजत आकडा वाढवत होतं, आणि प्रत्येक आकड्यागणिक पर्थ माझ्या छातीवर एक पाऊल पुढे सरकत होतं. बोटांना मुंग्या आल्या. कान बंद झाले. माणसांचे आवाज बादलीतून आल्यासारखे यायला लागले.

मी घराच्या मागे पळाले. पाण्याच्या टाकीला टेकून गवतात बसले, गुडघे पोटाशी. श्वास येईना. हसू तर मुळीच येईना. त्या वेळी त्यात गमतीचं काहीसुद्धा नसतं, हे मी कुणाला कधी सांगितलेलंच नाही.

गवतात पावलं वाजली. इस्त्रीचा शर्ट.

"जा," मी कसंबसं म्हटलं. "लिलाव चाललाय..."

"चालू दे."

"माझ्याकडे... बघू नकोस."

"बरं, नाही बघत."

तो वळला, गवतात बसला आणि त्याने माझ्या पाठीला पाठ लावली. बस्स. 'शांत हो' म्हणाला नाही, 'काही होत नाही' म्हणाला नाही. त्याची पाठ सावकाश वर-खाली होत होती, उबदार. मला ते कळत होतं. बऱ्याच वेळाने माझाही श्वास अडखळत अडखळत त्याच्या मागून चालायला लागला.

"तू जाशील याची मला भीती वाटते," मी म्हटलं. "मावशीची नाही. तुझ्या जाण्याची. आणि तू मला असं बघून जाशील, याची तर फारच. पण... जाऊ नकोस, फर्गस. मला तू हवायस."

एरवी अशा वाक्याच्या शेपटाला मी एखादा विनोद बांधते. शोधला. सापडला नाही.

तो काही बोलणार तेवढ्यात चकचकीत बूट धावत आले. "अरे, इथे काय बसलायस! तू म्हणाला होतास त्या किमतीला पोचलोय. तुझ्या होकाराशिवाय मला पुढे जाता येत नाही. बोल पटकन, विकू की नको?"

नको म्हण... नको म्हण.

"विका," फर्गस म्हणाला.

बूट आले तसे गेले. मीही उठले. म्हणजे उठायला लागले, तर मनगट त्याच्या हातात.

"बस गं. माझं कुठे संपलंय?"

"कळलं मला."

"काही कळलं नाही. घर ठेवलं असतं ना, तर तुला जन्मभर वाटत राहिलं असतं की हा बापाच्या घरासाठी राहिला. खरं सांगायचं तर मलाही वाटलं असतं. बाबांची आठवण येईल माझ्याबरोबर, तिला चार भिंती लागत नाहीत." त्याने मान वळवून एकदा घराकडे पाहिलं. "आता या गावात माझं काही नाही, ब्रायोनी. घर नाही, कपाट नाही, साधी खुंटी नाही. तरी मी राहतोय. का, ते तू सांग."

मी गवताची काडी उपटून तिचे तुकडे केले.

"पण आत्ता पाहिलंस ना..." मी शेवटी म्हटलं. "मावशीला?"

"पाहिलं."

"मग?"

"किश्श्यांवरून बरीच धिप्पाड वाटली होती."

मला हसू फुटलं, नाक वाहत असताना. त्याने शर्टाची बाही पुढे केली, इस्त्रीची, आणि मी निर्लज्जासारखी तिला नाक पुसलं.

"आता बघू का तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

"बघ."

तो वळला. बघितलं. छाती पुन्हा धडधडायला लागली, तळवे गार, श्वास पुरेना... आणि या खेपेला मी जागची हलले नाही. त्याच्या ओठांना सकाळच्या सॉसेजवरच्या मोहरीच्या सॉसची चव होती.

पुढच्या अंगणात हातोडा पडला आणि सगळ्या गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्या सिडनीच्या जोडप्यासाठी होत्या. पण वाजत होत्या तोवर आम्हीच घेऊन टाकल्या.